जागेवरून ठेवलेली नावं

बिदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत डाळमिलची यंत्रं बनवणारा एक कारखाना होता आणि त्या कारखान्यात थंड हवेची खोली एकच होती. तिच्यात कंप्युटर बसत असे आणि त्याची सोबत म्हणून मी. दाराबाहेर चपला काढाव्या लागत. मे महिन्यात फिटर लोक काही ना काही निमित्त काढून आत यायचे, पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांकडे भक्तिभावाने बघत घाम वाळवायचे आणि निघून जायचे. त्यातल्या एकानेही मला कधी कामाचं काही विचारलं नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी संतपूरची. बिदरला बी.एस्सी. झाले, मग सोलापूरला मामाकडे राहून सहा महिन्यांचा कंप्युटरचा कोर्स केला. नोकरी लागली, पण कच्ची. मालक हैदराबादला राहत आणि अधूनमधून येत. त्यांनी पहिल्याच दिवशी मला समोर उभं करून अट सांगितली होती. स्टोअरमधल्या सगळ्या मालाची यादी कंप्युटर नावाच्या ह्या यंत्रात घालायची. दसरा झाला की ते येणार आणि मनात येईल ती वस्तू मागणार. यंत्राने सांगितलं तिथे ती सापडली तर मी पक्की. नाही तर कंप्युटर हैदराबादच्या ऑफिसात जाणार आणि मी घरी.

घरी जायला माझी हरकत नव्हती, पण घरी वडील होते. पोरगी गार खोलीत खुर्चीवर बसते, हे त्यांनी गावात घरोघर सांगून ठेवलं होतं. आमच्या बौद्ध वस्तीतून खुर्चीवर बसलेली मी पहिलीच मुलगी. ती खुर्ची गेली असती तर मला बस स्टँडपासून घरापर्यंत दर दहा पावलांवर थांबून कारण सांगावं लागलं असतं. मी मुळात तापट. तिसऱ्या-चौथ्या माणसाशी माझं भांडण ठरलेलं होतं.

आता कामाचं सांगते. यंत्राच्या यादीत प्रत्येक वस्तूला एक नाव द्यावं लागतं. त्याच नावाने यंत्र ती वस्तू ओळखतं, आणि एका नावाच्या दोन वस्तू त्याला चालत नाहीत. कोर्समध्ये त्याला इंग्रजीत ‘की’, म्हणजे किल्ली, म्हणत. मी इथे खूणनाव म्हणते, कारण दर वाक्यात ‘की’ लिहायला लागले तर माझं मलाच कळेनासं होईल. नाव बारा अक्षरांत बसवायचं, मध्ये जागा सोडायची नाही. सोलापूरच्या सरांनी एकच मंत्र दिला होता : खूणनाव असं ठेवा, की वाचताक्षणी वस्तू डोळ्यांपुढे आली पाहिजे. सरांनी आमच्या जिल्ह्यातलं स्टोअर पाहिलेलं नसावं.

आमच्या स्टोअरमध्ये एका वस्तूला एक नाव असं नव्हतंच. मराठीवाला ज्याला चाक म्हणे त्याला कन्नडवाला गाली म्हणे आणि दख्खनी उर्दूवाला चक्का. औरादकडचे दोघे तेलुगू, ते तर बोलतच नसत, नुसतं बोट दाखवत. पेटीवर इंग्रजीत छापलेलं नाव कुणी वाचलेलं नव्हतं. तरी पंचवीस माणसांचं काम बिनबोभाट चाले, कारण स्टोअर सांभाळणारे अण्णा.

अण्णा बसवकल्याणचे, बसवण्णांना मानणाऱ्या घरातले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, घरी कन्नड, बाजारात मराठी, आणि शाळा निजामाच्या काळातली म्हणून टिपणं उर्दूत. स्टोअरच्या मधोमध त्यांचा एक लाकडी स्टूल होता. त्याच्यावर बसून ते नुसत्या मानेच्या इशाऱ्याने वस्तू कुठे आहे ते सांगत. पुढच्या चैत्रात ते निवृत्त व्हायचे होते, पण दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी म्हणून त्यांनी मालकांकडे शब्द टाकला होता. मालकही राजी होते, कारण अण्णांशिवाय तिथे सुई सापडत नसे. अण्णांना घरी बसायची धास्ती होती. रिकामा माणूस बायकांच्या पायात येतो, असं ते म्हणत.

मी वही घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले.

“अण्णा, ह्याचं नाव काय?”

“ह्ये व्हय? ह्ये दाराजवळचं.”

“दाराजवळचं काय?”

“दाराजवळचं म्हनलं की समद्याला कळतंय. नाव कशाला पायजे अजून?”

मी आधी चिडले. मग दोन दिवस तिथे बसून ऐकलं, आणि खरंच, वस्तूचं नाव चार भाषांत चार होतं पण जागेबद्दल चारी भाषांचं एकमत होतं. दाराजवळचं, माळ्यावरचं, खिडकीखालचं. हे ऐकलं की वस्तू प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे येत होती. सरांचा मंत्र आणखी काय वेगळा होता? मला वाटलं, सोलापूरला न सुटलेलं कोडं मी कोळारात सोडवलं. तीन आठवडे मी इंग्रजी अक्षरांत मराठी नावं ठोकत बसले. दारपट्टा एक, दारपट्टा दोन, माळापुली, खिडकीरोलर, कोनचाळणी. चारशेच्या वर वस्तू झाल्या. सगळी यादी छापून एक प्रत अण्णांना दिली. त्यांनी मला एकेक नाव वाचायला लावून पुढे उर्दूत टिपलं आणि ती घडी करून कोटाच्या आतल्या खिशात, उर्दू टिपणांशेजारी ठेवली. मी इतकी खूश होते, की वडिलांना पत्रात लिहिलं, दसऱ्याला येईन ती पक्की होऊनच आल्यासारखी समजा.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी कारखान्यातलं प्रत्येक हत्यार, प्रत्येक सुटा भाग बाहेर काढून धुवायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं, ही तिथली रीत. सकाळी आठला स्टोअरची दारं उघडली आणि चारशे वस्तू अंगणात ऊन खात पडल्या. फोरमन हळदकुंकवाची वाटी घेऊन माझ्या खोलीतही आला. त्याची बोटं माझी यादी साठवलेल्या फ्लॉपींच्या खोक्याकडे वळलेली पाहून मी तो खोका उचलून जेवणाच्या पिशवीत, भाकरीखाली कोंबला. कंप्युटरच्या कपाळी टिळा लागला, नारळ मी दाराबाहेर फोडायला लावला. आमच्या घरी पूजा नसते, म्हणून मी लांब उभी राहिले. अण्णा गळ्यातल्या लिंगाखेरीज कशापुढे हात जोडत नसत, म्हणून तेही लांब उभे राहिले. दोघंही आपापल्या तत्त्वाला धरून निंबोणीच्या सावलीत पेढे खात होतो आणि तेवढ्यात फिटर लोकांनी सगळा माल परत आत नेऊन ठेवला. जिथे मोकळं दिसलं तिथे.

मी आत गेले. दारपट्टा एक माळ्यावर होता. माळापुली खिडकीखाली होती. कोनचाळणी दारात आडवी पडली होती आणि तिच्या डोक्यावर फूल होतं.

“अण्णा, हे काय झालं?”

“काय झालं? दरसाली होतंय. एक चक्कर मारतो उद्या-परवा, ध्यानात येतंय समदं.”

“अहो, पण माझी यादी! नावं सगळी खोटी झाली. सोमवारी मालक येतायत.”

अण्णांनी खिशातून यादी काढली, एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “घाबरू नको पोरी. सोमवारपतुर होतंय समदं.” मला वाटलं, म्हातारा धीर द्यायला बोलतोय. मी त्यांच्यावरच मनातून धुसफुसत होते. दरसाल होतं, मग तीन आठवडे माझ्यापुढे बसून नावं सांगताना जीभ का उचलली नाही? पण त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. कॅलेंडरात लिहिलेलं होतं ना.

दिवस मावळायच्या आत मी वही घेऊन स्टोअरभर फिरले आणि प्रत्येक वस्तूची नवी जागा टिपून घेतली. दुसऱ्या दिवशी दसरा, तिसऱ्या दिवशी रविवार. दसऱ्याला आमच्याकडे धम्मदीक्षेचा दिवस म्हणून गावजेवण असतं, आणि वडिलांनी लोकांना मला दाखवायचं ठरवलेलं. मी औरादच्या बसच्या कंडक्टरकडे निरोप दिला, काम आहे, येत नाही. आणि दोन्ही दिवस ऑफिसच्या बाजूने आत शिरून नवी नावं घालत बसले. दारपट्ट्याचा माळापट्टा केला, माळापुलीची खिडकीपुली केली. बोटं दुखायला लागली. चौकीदाराला बजावलं होतं, मी आले हे कुणाला सांगू नका. आपली चूक चारचौघांत कळू नये एवढीच माझी इच्छा. चौकीदार शब्दाचा पक्का. मधून मधून चहा आणून देई आणि घाम पुसत लगबगीने निघून जाई. गेटवर नुसतं बसणाऱ्या माणसाला इतका घाम कसा येतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सोमवारी मालक आले. चपला काढून थंड खोलीत बसले, अण्णांना शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, “साडेतीन इंच की पुली.”

मी आत्मविश्वासाने कळ दाबली. खिडकीपुली, पडद्यावर आलं. फिटर खिडकीखाली गेला आणि एक चाळणी घेऊन आला. मालकांनी दुसरी वस्तू मागितली, मोठा पट्टा. यंत्र म्हणालं माळ्यावर. माळ्यावरून ग्रीसचा डबा आला. तिसऱ्या वेळी फिटर हात हलवत परत आला. सांगितलेल्या जागी काहीच नव्हतं, नुसती झेंडूची सुकलेली माळ होती, ती त्याने इमानदारीने टेबलावर आणून ठेवली.

माझे कान तापले. सुट्टीचे दोन्ही दिवस घालून बदललेली यादी, एकेक नाव दोनदा तपासलेलं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा माझ्याहून जास्त गोंधळलेले. ते म्हणाले, “माळापुली कामून म्हनना यंत्र? माळ्यावरच हाय की ती. मी सोता ठिवलीया.”

“स्वतः? कधी?”

“दसऱ्याला. काल बी. तुझ्या कागदात जसं लिवलंय तसं समदं परत लावलंय.”

मी दोन दिवस बसून यादी मालाप्रमाणे बदलली होती. अण्णांनी तेच दोन दिवस मागच्या दाराने येऊन सगळा माल यादीप्रमाणे हलवला होता. चारशे वस्तू, साठीला टेकलेला माणूस, आणि हातभार लावायला चौकीदार. मालकांनी चौकीदाराला बोलावलं. दोघांनाही येताना पाहिलं होतंस ना, मग सांगितलं का नाहीस? चौकीदार ताठ उभा राहून म्हणाला, “साब, दोनों बी बोले थे, किसी कू नक्को बोलो. मैं किसी कू नै बोला.”

फिटर लोक बाहेर जाऊन हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी अण्णांना विचारलं, पुली कुठे आहे? अण्णांनी मान वर केली, पुली आली. पट्टा? मान डावीकडे, पट्टा आला. सात-आठ वस्तू अशा मानेच्या इशाऱ्यावर आल्या. मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, “तो फिर ये मशीन कायकू?”

खोली इतकी थंड होती तरी मला घाम फुटला. मला संतपूरचा बस स्टँड दिसायला लागला.

तेव्हा अण्णा उठून उभे राहिले. “सायब, मला सापडलं हे खरं हाय. पर मी चैतात घरी जायलोय. फुडच्या खंडेनवमीला ही पोरं पुन्ना समदं भाईर काढतील आन् कुठं बी ठिवतील. मग कुणाला इचारनार?”

मालक म्हणाले, तुमची दोन वर्षांची वाढ तर मी ठरवूनच आलोय.

“नको सायब,” अण्णा म्हणाले. “मी हितं बसलोय तवर हिच्या यंत्राला कुनी इचारनार न्हाई. समदे माझ्याच तोंडाकडं बघत ऱ्हातील. पोरीला चैतापतुर टाइम द्या. चूक दोघांची हाय.”

मालकांनी टेबलावरची झेंडूची माळ बाजूला सारली आणि होकार दिला. मी अण्णांकडे बघितलं. मन भरून आलं की माझा चेहरा रागावल्यासारखा दिसतो, असं सगळेच म्हणतात. अण्णांनाही बहुतेक मी रागावलेच वाटले. म्हणाले, “उगं बस आता.”

त्या आठवड्यात मी गावी गेले. वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील, तर ते मांडी थोपटून हसले. मग एकदम थांबले.

इथे वडिलांच्या नावाचं सांगायला हवं, पण नाव लिहिणार नाही. त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि त्या उकिरड्याचंच नाव दिलं, म्हणजे नजर लागायची नाही. दीक्षा घेतल्यावर त्यांनी आम्हा मुलांना शोधून शोधून चांगली नावं ठेवली, पण स्वतःचं शाळेच्या दाखल्यावर चढलं होतं ते चढलंच. तलाठ्याकडे नाव पुकारलं की अजूनही कुणीतरी तोंड फिरवून हसायचं.

“मला जिथं ठिवलं तिथलं नाव पडलं,” वडील म्हणाले. “मी तिथून उठून पन्नास वरसं झाली. नाव अजून तिथंच बसलंय.”

मी परत आले ती वहीची सगळी पानं फाडून. सोलापूरच्या सरांचा मंत्र सोडून दिला. आता खूणनाव म्हणजे नुसता नंबर, एकापासून पुढे, ज्याच्यातून काहीही कळत नाही असा. वस्तू कसली, ते दुसऱ्या रकान्यात. जागा कोणती, ते तिसऱ्या रकान्यात, आणि तो तिसरा रकाना खुशाल रोज बदला. नंबर मात्र कधी बदलायचा नाही, आणि वस्तू मोडून भंगारात गेली तरी तिचा नंबर दुसऱ्या कशाला द्यायचा नाही.

अण्णांना हे मुळीच पटलं नाही. “ह्या नावाला अर्थ न्हाई, गाव न्हाई, जात न्हाई. असलं कसलं नाव?”

“म्हणूनच,” मी म्हटलं.

 दुसऱ्या दिवशी अण्णांनी पत्र्याचे गोल बिल्ले कापून घेतले आणि त्यांच्यावर स्वतः ठोक्याने नंबर उमटवायला बसले. पहिला बिल्ला कसा दिसतो ते बघायला म्हणून हाताशी होता त्या स्टुलाला तारेने बांधला. मग तो राहूनच गेला. अशा रीतीने आमच्या यादीतली एक नंबरची वस्तू म्हणजे अण्णांचा स्टूल. चैत्रापर्यंत सगळ्या वस्तूंना बिल्ले लागले. अण्णा शेवटचे दोन महिने कुणी काही विचारलं की मानेने इशारा करत, पण तो माझ्या खोलीकडे.

मालकांनी पुन्हा परीक्षा घेतली. पाच वस्तू मागितल्या, पाची सापडल्या. मी पक्की झाले आणि त्याच महिन्यात अण्णा निवृत्त झाले. निरोपाला लोकांनी त्यांना शाल दिली आणि मालकांना विचारून तो स्टूलही दिला. बसच्या टपावर चढवून त्यांनी तो बसवकल्याणला नेला, घरी ओट्यावर ठेवतो म्हणाले. मी यादी उघडली आणि एक नंबरपुढे जागा लिहिली : अण्णांचं घर, ओटा.

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला मालक आले तेव्हा मला चिडवायला म्हणाले, एक नंबर दाखव. मी कळ दाबली, जागा वाचून दाखवली. ते हसून म्हणाले, पिछली बार भी मशीन ऐसाच बोली थी, जाके देखो. ते गमतीत बोलले होते. मला गंमत तेवढी कळत नाही, आणि खरं तर मला निमित्तच हवं होतं. रविवारी मी बसवकल्याणची बस धरली.

ओट्यावर स्टूल नव्हता. अंगणात लिंबाच्या झाडाखाली होता, आणि त्याच्यावर अण्णा बसून शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलत होते. मला बघून ते आधी उठले आणि मग कपाळाला हात लावला. “खंडेनवमीला धुतला आन् हितं ठिवला बघ. वट्ट्यावर ऊन यायलाय.” त्यांनी स्टूल उलटा करून मला बिल्ला दाखवला. चिंचेने घासून लख्ख केलेला. “नंबर त्योच हाय,” ते म्हणाले.

शेजारच्या गृहस्थांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “पोरगी कुठली म्हणायची? कुणापैकी?”

हा प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा आहे. आधी गाव विचारतात, मग गावातली जागा विचारतात, आणि पाणी कोणत्या भांड्यातून द्यायचं ते त्यावर ठरतं. मी तापट असल्याचं सुरुवातीलाच सांगितलंय. उत्तर माझ्या जिभेवर आलंच होतं, पण अण्णा आधी बोलले.

“जाग्यावरनं नाव ठिवायचं न्हाई, दादा,” ते म्हणाले. “चूक हाय ती. आमी दोघांनी एकदा केलीया. चारशे सामान दोनदा हालवायला लागतंय.”

गृहस्थांना काही उमगलं नाही. अण्णांनी घरात चहा सांगितला, मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः ओट्याच्या पायरीवर बसले. मी पिशवीतून वही काढून लिहून घेतलं : एक नंबर, लिंबाखाली.